नो ब्लॉकर!

सॉफ्टवेअरवाल्यांकडे कामापेक्षा किस्से जास्त साचतात. पूर्वी ते ऑफिसखालच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सांगून संपायचे. आता सगळे घरून काम करतात, म्हणून किस्से उरतात आणि ऐकायला कोणी नसतं. बसा, आज तुम्ही सापडलात!

*

आम्ही सुरतेत साड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी ॲप बनवतो. आमच्या टीमच्या स्क्रम मास्टर, म्हणजे कामाच्या मीटिंगा घेणाऱ्या, हेतलबेन. पहिल्याच मीटिंगला त्यांनी एका साडीवाल्या शेठना ॲजाइल ही कामाची पद्धत समजावली, "दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं करून दाखवू. तुम्ही सांगाल तसं बदलू."

शेठ पान चघळत म्हणाले, "बेन, मैं ग्राहक को आज पल्लू दूँ और पंद्रह दिन बाद बॉर्डर? पूरी साडी दो ना!"

*

कुठलं काम किती मोठं, याचा अंदाज आम्ही पत्त्यांनी काढतो. प्रत्येकानं आकड्याचं पान लपवून धरायचं, मग सगळ्यांनी एकदम उघडायचं. एकदा ऑफिसात असा गोल करून बसलो होतो, तर कंपनीचे मालक अचानक आत आले. गुजरातेत श्रावणात सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीला, घरोघरी पत्त्यांचा जुगार रंगतो. पत्ते बघून त्यांनी घाईघाईनं दार लावलं.

"अरे, श्रावण तर येऊ द्या! सातम-आठमच्या आधीच जुगार?"

पोट दुखेपर्यंत हसलो. पुढे मालकांनी भाडं परवडत नाही म्हणून ऑफिसच सोडलं. एवढं हसणं परत काही झालं नाही.

*

मी सुरतेतल्याच नवागामला राहतो. घरात मी आणि माय, दोघंच. बाबा गेले, बहीण सासरी धुळ्याला. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना, दिवसभर खडखड खडखड.

कॉलवर हेतलबेन मला म्हणाल्या, "नीलेशभाई, टाइपिंग जरा हळू करा ना!"

*

मग रिस्कची मीटिंग झाली, तीही कॉलवर. हेतलबेन म्हणाल्या, "प्रोजेक्टमध्ये काय काय वाईट होऊ शकतं, बोला." मालक वैतागले, "शुभ शुभ बोला! वाईट बोललं की वाईट होतं."

तरी हेतलबेननी विचारलंच, "पेमेंटचा कोड एकट्या नीलेशभाईंना कळतो. ते उद्या नसले तर?"

"हाय हाय! बिचाऱ्याला जिवंतपणी कुठं पाठवता?" मालक ओरडले.

सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगू, लागलं मनाला. मी नसलो तर कोडचं कसं, एवढंच विचारलं हो!

*

रोज सकाळी दहाला स्टँड-अप असतो. उभं राहून तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, आणि काही अडलंय का. अडलेल्याला ब्लॉकर म्हणतात. सगळ्यांचे कॅमेरे बंद, आणि सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, "नो ब्लॉकर!"

एकदा मी धीर करून म्हणालो, "ब्लॉकर आहे. करमत नाही. दिवसभर कोणाशी दोन शब्द बोलणं होत नाही."

मग हेतलबेन म्हणाल्या, "नीलेशभाई, हे आपण ऑफलाइन बोलू."

अहो, ऑफलाइन कोणी नाही हीच तर सगळी भानगड होती!

*

माय बरेच दिवस आपल्या अहिराणीत एकच पालुपद लावून बसलीय, "मी गावले जास. आठे बोलाले कोनी नही." गावी जाते, इथं बोलायला कोणी नाही, म्हणून. मी एका कानातला इअरफोन काढून म्हणतो, "माय, ही स्प्रिंट संपू दे, मग बोलू." स्प्रिंट म्हणजे आमची दोन आठवड्यांची कामाची फेरी. एक संपते तोवर दुसरी उभी! मायनं पिशवी भरून खुंटीला लावलीय. मी ती रोज बघतो आणि कॉलला बसतो.

*

परवा हेतलबेन रजेवर होत्या, म्हणून स्टँड-अप रद्द. तरी दहा वाजले आणि मी सवयीनं कानात इअरफोन घालून उभा राहिलो. समोर नुसती भिंत.

माय भाकरी थापता थापता बघत होती. तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन ताठ उभी राहिली.

"आज मना नंबर," म्हणाली. "काल भाकरी कऱ्यात. आज बी भाकरीच करसू."

मला हसू आलं. "आणि ब्लॉकर?"

"शे ना," मान डोलावत मायनं इअरफोनकडे बोट दाखवलं. "तुना कानमा."