ओव्हरलॉकची सुरी

“वाढत्या पोरीच्या कपड्याची माया कापूं नये. आमच्यांत तसं करत नाहींत,” सीतालक्ष्मीनं पुन्हा तेच सांगितलं आणि इडलीचं भांडं नको तितक्या जोरात ओट्यावर ठेवलं.

“आमच्यांत म्हणजे कोणांत, अम्मा?” श्रीवत्स म्हणाला. “तंजावरच्या राजानं ताम्रपट दिलाय कां, घरांत ओव्हरलॉक आणूं नये म्हणून?”

“कर थट्टा. शिकलास ना.”

“तूं शिवलेलेच कपडे सुब्रह्मण्य इतकी वर्षं त्याच मशीनवर घालतो. त्या सुरीनं कोणती पोर वाढायची राहिली?”

अप्पाराव पेपरामागून म्हणाले, “आमची सूनबाई त्याच सुरीचं पोलकं घालून लग्नाला उभी राहिली. त्यानंतर ती चांगलीच वाढली.”

“मामंजी!” रम्या आतून ओरडली, आणि सगळे हसले. सीतालक्ष्मी हसली नाही.

वाद सकाळी सुरू झाला तो सुब्रह्मण्यच्या निरोपावरून. बाजारातलं दुकान बंद करून तो तिरुप्पूरला मुलीकडे चालला होता, आणि ओव्हरलॉकचं मशीन आधी सीतालक्ष्मीअम्मांना विचारून मगच दुसऱ्याला द्यायचं असं त्यानं ठरवलं होतं. रेशमाच्या कापलेल्या कडेला दोरा घातला नाही तर दशा निघतात, शिवण उसवते. बाकीचे दुकानदार घाईत कडेबरोबर आतली मायाही उडवत. तिची माया राखून दोरा घालणारा तो एकटाच. म्हणजे आता एक तर मशीन घरात यायला हवं, नाही तर शिवण थांबायला हवं. इतकं सरळ होतं सगळं.

सीतालक्ष्मी तिरुविसनल्लूरची. लग्न होऊन कुंभकोणमला चक्रपाणी देवळाच्या सन्निधीमागच्या गल्लीत आली, तेव्हा तिला बाजारात धड भाव करता येत नव्हता, पण शिवता येत होतं. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी, आणि पुढच्या खोलीत पायाचं मशीन. दारासुरमहून रेशीम घेऊन बाया थेट तिच्याकडे येत, मुलींची परकर-पोलकी शिवून घ्यायला. ती परकराच्या खाली टक घाली, पोलक्याच्या आत दोन्ही बाजूंनी बोटबोट माया सोडी. दिवाळी आली की टक उसवून परकर लांब, शिवण उसवून पोलकं रुंद. ‘सीतालक्ष्मीअम्मांचा परकर पोरीबरोबर वाढतो,’ असं बाया म्हणत. गल्लीतल्या किती तरी मुलींचं अंग कोणत्या वर्षी भरलं, हे त्यांच्या आयांइतकंच तिला माहीत असे.

हे सगळं ती बोटांनी करी. कापड अंगठा आणि तर्जनीत धरून जरासं चोळलं की आडवा धागा कुठला, उभा कुठला, काठ कुठे सैल विणलाय, ते तिला कळे. तेव्हा ती कापडाकडे पाहतही नसे. समोरच्या बाईशी तिच्या जावेबद्दल बोलत असे.

गेल्या दिवाळीपासून ती कापडाकडे पाहू लागली होती.

आधी तिला वाटलं, बोटावरचं अंगुस्तान जाड असेल. ते काढून ठेवलं. मग एके दुपारी पोलक्याची कड हातानं दुमडून शिवताना कापड ओढलं तर येईना. उलटून पाहिलं, तर सुई तर्जनीच्या टोकातून आरपार जाऊन कापडात शिरली होती. तिनं बोट शिवलं होतं, आणि तिला कळलं नव्हतं. दुसऱ्या कोणाचं तरी बोट पाहावं तसं ती थोडा वेळ पाहत बसली. मग सुई ओढून काढली. रेशमावर रक्ताचा ठिपका होता. आपल्या रक्ताचा डाग आपल्याच थुंकीनं जातो, हे शिवणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. डाग गेला. पोलकं गिऱ्हाइकाकडे गेलं. कोणाला काही सांगितलं नाही.

सांगून काय होतं ते तिनं पाहिलं होतं. तिच्या आईला शुगर होती. कार्तिक अमावास्येला गावच्या अय्यावाळ संतांच्या मठातल्या विहिरीत गंगा येते म्हणून स्नानाला गर्दी उसळते. एका वर्षी तिथून आई ओलेत्यानं घरी आली आणि ओसरीभर लाल पावलं उठली. तळव्यात काच रुतलेली. आई म्हणाली, “कोणाच्या पायाचं हें?” त्यानंतर घरच्यांनी आधी विळी काढून घेतली. मग चुलीपुढून उठवलं. मग दारापुढली रांगोळीही वहिनी घालू लागली. कोणी वाईट बोललं नाही. “तूं बस, अम्मा,” एवढंच म्हणत, आणि ती बसली. बसून बसून ती घरातल्या फडताळासारखी झाली. लोक तिच्याकडे न पाहता तिच्या बाजूनं जात. पुढे पाय गेला, तेव्हाही ती बसलेलीच होती.

नवं मशीन घरात आलं की बोटांचं सगळ्यांना कळणार, म्हणून मायेचं आणि अपशकुनाचं निमित्त. ते तिचं तिलाही खरं वाटेना.

दुपारी रम्यानं तिला स्कूटरवर बसवून दुकानात नेलंच. “पाहायला काय हरकत आहे, अम्मा? नाही आवडलं तर नाही.” रम्या शाळेत शिकवते, हट्टी मुलांशी बोलायची हीच तिची रीत.

सुब्रह्मण्यनं खुर्ची पुसून दिली. “बसा अम्मा. सुरी कडेचे दोरेच खाते, माया राहते. पण कापड सुरीजवळ कितपत आलं ते डोळ्यानं दिसत नाही, ह्या झाकणाआड असतं. बोट इथं टेकवायचं. सुरीची थरथर कापडातून बोटाला लागते. लागली की बोट मागं.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली.

दारात रम्याचा फोन वाजला, ती बाहेर गेली. सीतालक्ष्मीनं चिंधी घातली, पायानं दाबलं. मशीन दणकन सुटलं. तिच्या पायाच्या मशीनला तिच्या पायाचा वेग होता; हे आपल्याच वेगानं निघालं. तिनं थरथरीची वाट पाहिली. थरथर आली नाही.

सुब्रह्मण्यनं बटण बंद केलं.

“अम्मा, बोट.”

नखाचा कोपरा गेला होता, आणि त्याखालची कातडीची एक साल. ती चिंध्यांत पडलेली दिसत होती, कांद्याच्या पापुद्र्याएवढी. रक्त जरा उशिरानंच आलं. सुब्रह्मण्य बोटाकडे पाहत नव्हता. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता.

“दुखलं नाही तुम्हाला?”

“नखाला काय दुखायचं?” तिनं बोट पदरात गुंडाळलं.

“अम्मा, हे तुम्ही घेऊ नका.”

“घरी बोलू नकोस.”

तो बोलला नाही. पण तिन्हीसांजेला त्याचा फोन आला, मशीन दुसऱ्याला द्यायचा विचार आहे म्हणून. श्रीवत्सनं दोनदा कारण विचारलं, तो “सहजच” म्हणाला.

रम्यानं कॉफी आणली होती. चौघं पुढच्या खोलीतच बसले होते, मशीनभोवती.

“बरंच झालं,” अप्पाराव म्हणाले. “सीते, फार वर्षं मान मोडलीस. आतां पुरे.”

“तुझ्या नातीलाही, हरिणीला, अभ्यासाला जागा नाही,” श्रीवत्स म्हणाला. “खिडकीपाशी तिचं टेबल येईल. तूंच म्हणत होतीस ना, ओव्हरलॉक नको? मग नको. तूं बस, अम्मा. आरामात बस.”

सीतालक्ष्मीनं वर पाहिलं. खोलीत तिघंही प्रेमानं तिच्याकडे पाहत होते. श्रीवत्सची नजर तिच्यावरून खिडकीकडे गेली, तिथून मशीनकडे. तो मनात जागा मोजत होता.

“अम्मा,” रम्या अचानक म्हणाली. तिनं स्वतःचा पेला पदरानं, काठाशी धरला होता, तरी एकसारखा हात बदलत होती. “तुम्हाला चटका नाही बसत?”

सीतालक्ष्मीनं पाहिलं. वाफाळत्या कॉफीचा स्टीलचा पेला तिनं मुठीत घट्ट धरला होता, थंड ताकाचा धरावा तसा.

“आणि बोटाला फडकं कां? दुपारी काय झालं?”

अप्पारावांनी चष्मा वर केला. श्रीवत्स खिडकीकडून वळला. आता ते काय बोलतील हे तिला दिसत होतं. आधी डॉक्टर. मग विळी.

तिनं पेला खाली ठेवला. तळवा लाल झाला होता. तो तिनं मांडीवर पालथा घातला.

“सुब्रह्मण्यला फोन लाव, वत्सा. म्हणावं, मशीन दुसऱ्या कोणास द्यायचं नाहीं. शुक्रवारी राहुकाळ टळला की घेऊन यायचं, ह्याच खिडकीपाशी ठेवायचं. मी चालवीन.”