पोच घेतल्याशिवाय

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आयुष्यात पोच घेतल्याशिवाय कुणाला काहीही दिलेलं नाही. यात अर्ज आले, तक्रारी आल्या, वाटीभर विरजण आलं, संक्रांतीचा तिळगूळ आला आणि कोथरूडच्या आमच्या सोसायटीत बोललं जातं त्यावर विश्वास ठेवायचा तर काकांना लग्नाआधी दिलेला होकारही आला. कागद देताना आपल्याकडच्या प्रतीवर समोरच्याची सही, शिक्का आणि तारीख घ्यायची, ती पोच. तुम्ही-आम्ही ती मिळाली तर घेतो, नाही मिळाली तर 'ठेवून जा, बघतो' एवढ्यावर समाधान मानून घरी येतो. काकू घरी येत नाहीत. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांनी बत्तीस वर्षं काढली. आलेला कागद वहीत चढवायचा, गेलेला कागद दुसऱ्या वहीत चढवायचा. "मधल्या काळात कागदाचं काय होतं ते साहेब लोक बघतात," असं त्या सांगतात, आणि त्यातल्या 'साहेब लोक'वर असा काही जोर देतात की निवृत्त झालेला साहेबही लाजेल.

एका होळीला त्यांनी आमच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. डबा आणायला मी खाली गेलो, तर सोबत दोन प्रतींत चिठ्ठी: 'पुरणपोळ्या नग सहा, तुपाची वाटी एक, वाटी परत करणे.' बायकोने 'नग पाच मिळाले' असं लिहून सही केली, कारण सहावी जिन्यातच संपली होती. काकूंनी ती पोच शांतपणे वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, खाली 'वाटेतली घट' असा शेरा मारला आणि कागद फाईलला लावला. लिफ्ट बंद पडल्याचे त्यांचे अर्ज घेऊन घेऊन आमचे सेक्रेटरी इतके वैतागले की शेवटी सोसायटीने फक्त त्यांच्यासाठी 'मिळाले' असा एक रबरी शिक्का करून घेतला. नवस मात्र त्या कधी बोलल्या नाहीत. तिथे पोच मिळत नाही, एवढंच कारण. मी त्यांची यथेच्छ चेष्टा करत असे. काकू चेष्टाही लेखी मागत.

काका गेल्यावर त्यांनी बाहेरची खोली भाड्याने दिली ती इद्रिसला. इद्रिस सुदानचा, इथे औषधशास्त्रात पीएच.डी. करायला आलेला, सहा फूट उंच आणि बोलायला इतका हळू की तो 'नमस्कार' म्हणाला की आपण मागे वळून पुन्हा ऐकायचं. आमच्या चेअरमननी लगेच नाक मुरडलं. परदेशी माणूस, कुठला कोण, सोसायटीत मुलीबाळी आहेत, वगैरे. काकू म्हणाल्या, "हरकत लेखी द्या. पोच देते." चेअरमननी आजतागायत दिलेली नाही. परदेशी भाडेकरूची जी काही माहिती सरकारला द्यायची असते ती काकूंनी दुसऱ्याच दिवशी देऊन टाकली. वर्षभरात इद्रिसही त्या घराचा झाला. पाव आणला की तो स्वतःहून चिठ्ठी पुढे करायचा. रविवारी तो जास्वंदीचा लालभडक चहा करायचा, काकू त्याला काढा म्हणायच्या आणि दोन कप प्यायच्या.

त्याच्या व्हिसाची मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा त्याच्या गावात लढाई सुरू झालेली होती. आई आणि बहीण गाव सोडून कुठल्याशा नातेवाइकांकडे होत्या, फोन लागला तर लागायचा. प्रबंध संपायला पाच-सहा महिने बाकी. मुदतवाढीचा अर्ज हल्ली कॉम्प्युटरवरच करतात, तसा त्याने केला. "कॉम्प्युटरने घेतला?" काकू म्हणाल्या. "कुठल्या कॉम्प्युटरने? त्याचं नाव काय? उद्या त्याने नाही म्हटलं तर आपण कुणाचा हात धरायचा?" आणि त्याच अर्जाची छापील प्रत घेऊन परदेशी लोकांचे कागद पाहणाऱ्या त्या कचेरीत त्या स्वतः गेल्या. स्कूटरवर मागे बसवून मीच नेलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

खिडकीतला कारकून म्हणाला, "आजी, हार्ड कॉपी लागत नाही." काकू म्हणाल्या, "तुम्हाला लागत नसेल. मला लागते." तो म्हणाला, पोच देता येणार नाही. "मग येणार नाही असं लिहून द्या." त्याने हात जोडले. काकूंनीही हात जोडले, समोरच्या बाकावर बसल्या, पिशवीतून किलोभर मटार काढले आणि सोलायला लागल्या. शेंगा एका पिशवीत, दाणे डब्यात. पावणेदोन तास. येणारे-जाणारे साहेब आधी मटाराकडे आणि मग खिडकीकडे बघायला लागले, तेव्हा कारकुनाने मुकाट्याने शिक्का उचलला. काकूंनी जांभळी तारीख उजेडात धरून पाहिली. "आठाचा आकडा उठला नाही. परत मारा," म्हणाल्या. त्याने परत मारला. घरी येईपर्यंत मी हसत होतो.

तीन आठवड्यांनी इद्रिसच्या हातात नोटीस पडली. मुदतीत अर्ज आलेला नाही, सबब पंधरा दिवसांत देश सोडावा. तो कागद घेऊन तो काकूंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. मग त्याने त्यांचाच एक कुकर, जो त्याच्याकडे असायचा, घासून-पुसून ओट्यावर आणून ठेवला. म्हणाला, "काकू, मी निघण्याची तयारी करतो." काकूंनी नोटीस दोनदा वाचली. "सही आहे. खाली नाव नाही," एवढंच बोलल्या आणि चपला घातल्या.

कचेरीत कुणी ऐकून घेईना. साहेबांनी शिक्क्याकडे ओझरतं पाहिलं. "असेल शिक्का. पण सिस्टीममध्ये दिसत नाही ना." मी काकूंना बाजूला घेऊन माझं शहाणपण शिकवलं. म्हटलं, काकू, तो परक्या देशाचा माणूस. सरकारने जा म्हटलं की जायचं. त्याच्यासाठी कुठलं कोर्ट सरकारला जाब विचारणार आहे? काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की होळीची ती पोळी आठवली. "हे तुमचं मत लेखी द्याल?"

काकूंच्या एका जुन्या मैत्रिणीची मुलगी मुंबईला वकिली करते. तिने उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. मुदत संपायला चार दिवस उरले असताना आम्ही पहाटेची बस धरून गेलो: इद्रिस, मी, आणि मांडीवर फाईल घेतलेल्या काकू. फाईल त्यांनी घाटात एकदाही खाली ठेवली नाही. इद्रिस खिडकीतून बाहेर बघत होता, आणि त्याच्या पायाशी एक बॅग होती. मी विचारलं नाही, पण कळलं. त्याने निकाल आधीच ठरवलेला होता, माझ्यासारखाच.

कोर्टात सरकारी वकील सफाईने बोलत होते. परदेशी माणसाला इथे राहण्याचा हक्कच नाही, सरकार त्याला केव्हाही परत पाठवू शकतं, शिवाय मुदतीत अर्जच केलेला नाही. आमची वकील मुलगी फारसं बोललीच नाही. तिने तो एक कागद वर दिला. न्यायमूर्तींनी तो पाहिला आणि खाली परत पाठवला. "हा शिक्का तुमचाच ना?" सरकारी वकिलांनी मागे वळून पाहिलं. मागे बसलेल्या अधिकाऱ्याने कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "आमचाच आहे," म्हणाला. न्यायमूर्तींनी आवाजही चढवला नाही. "तुम्ही पाठवू शकता, हे कुणीच नाकारत नाही. पण अर्ज आला नाही म्हणून तुम्ही त्याला पाठवताय, आणि अर्ज तर आलेला आहे. मग आता कशासाठी पाठवताय?" नोटीस रद्द झाली. त्याचं म्हणणं ऐका, अर्जावर निर्णय घ्या, कारणं लेखी द्या, आणि तोवर त्याला हात लावू नका. 'कारणं लेखी द्या' हे ऐकताना काकूंनी अशी मान डोलावली, जणू त्यांच्याच टेबलावरचा कुणीतरी बढती मिळून वर जाऊन बसला होता.

सगळं मिळून दहा मिनिटं. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं तरी काकू जागच्या हलेनात, शेवटी वकील मुलीने दंडाला धरून बाहेर आणलं. येताना बस थांबली तिथे वडापाव खाताना इद्रिस रडत होता आणि हसत होता, दोन्ही एकदम. काकू फाईल पुन्हा चाळत होत्या. म्हटलं, अहो, जिंकलात ना! "राहता आलं त्याला. चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "पण आपला कागद हरवला कुणी, हे कुणी विचारलंच नाही." तेव्हा मला ती खोड वाटली. आता वाटत नाही. कोर्ट जाब विचारतं, हे मी पाहिलं. पण त्याला विचारायला हातात कागद लागतो, कागदावर शिक्का लागतो, आणि तो शिक्का मिळेपर्यंत मटार सोलत बसणारी बाई लागते. ज्यांच्या घराखाली अशी काकू राहत नाही त्या इद्रिसांचं काय होत असेल, याचा विचार मी त्याआधी कधी केलेला नव्हता, आणि याची मला लाज वाटते.

मुदतवाढ मिळाली. प्रबंध झाला, पदवी झाली. आई-बहीण तोवर कैरोला पोचल्या होत्या, त्याला तिथेच नोकरी लागली. निघायच्या दिवशी सोसायटीच्या फाटकाशी टॅक्सी उभी होती आणि चेअरमनसुद्धा बॅग उचलायला आले होते. काकूंनी ती फाईल इद्रिसच्या हातात दिली, सगळे मूळ कागद घालून. त्याला घराची रीत ठाऊक. त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि विचारलं, "काकू, सही कुठे करू?" काकूंच्या मुठीत दोन प्रतींतली चिठ्ठी होती, मी पाहिली होती. त्यांनी मूठ मिटली. "राहू दे," म्हणाल्या. आणि टॅक्सी वळेपर्यंत फाटकाशी उभ्या राहिल्या.

अर्ज हरवला कुणी, हे विचारणारं पत्र मात्र काकूंनी निकालानंतर त्या कचेरीला पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. मग स्मरणपत्र. दर महिन्याला एक, स्वतः नेऊन, पोच घेऊन. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि स्कूटरवर चढणं बंद झालं, तेव्हापासून मी नेतो. परवा गेलो तर खिडकीतला तोच कारकून उठून माझ्या मागे बघायला लागला. "आजी नाही आल्या?" म्हटलं, गुडघे. त्याने शिक्का मारला, स्वतःच उजेडात धरून पाहिला आणि परत एकदा नीट मारला. मग हळूच म्हणाला, "त्यांना सांगा हो, याचं उत्तर काही यायचं नाही. उगाच त्रास करून घेऊ नका म्हणावं."

संध्याकाळी मी खाली जाऊन काकूंना तसं सांगितलं. त्या इद्रिसने धाडलेल्या जास्वंदीचा काढा पीत बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल. त्यांनी पोचेवरची तारीख चष्मा वर करून वाचली आणि ती प्रत फाईलला लावली.

"उत्तर येणार नाही, हे त्याने लेखी दिलं का?"

"नाही."

"मग पुढच्या महिन्यात जाल ना?" त्यांनी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला जरा विनवणीचा वाटला.

म्हटलं, जाईन. टेबलावर पेन पडलं होतं. मी फाईलला लावलेल्या त्या प्रतीच्या खालच्या कोपऱ्यात 'मिळाले' असं लिहिलं आणि सही केली, तारखेसकट.