लेडीजच्या दारावरच्या बाई

टॉर्च थेट तोंडावर मारायचा आणि विचारायचं, "घरी सांगून आलीस का गं?" आमच्या थेटरातल्या लेडीजच्या दारावरच्या बाईंची ही रीत होती. तिकीट त्या नंतर बघत. आधी माणूस.

लातूरच्या त्या थेटरात मी तिकीटबारीवर होतो. तेव्हा पडद्यापुढं लाल मखमल होती. नवा सिनेमा लागला की औसा, निलंग्याकडची माणसं एसटीनं येत. मालकांची डाळमिल होती. सगळे त्यांना अप्पा म्हणत. पहिल्या खेळाला नारळ ते स्वतः फोडत. बायकांसाठी डाव्या अंगाला वेगळं दार होतं आणि तिथं बाईंचं राज्य.

बाईंचा कुणावरच विश्वास नव्हता. बायकांच्या पिशव्या उघडायला लावत. मी चहा नेला तर म्हणत, "आधी तू घे." एकदा विचारलं, "बाई, इतका संशय कशाला?" तर म्हणाल्या, "दुनिया लई वंगाळ हाय. तू अजून पाह्यली न्हाईस." अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्याजवळ उभं राहिलं की उगाच आपणच काहीतरी केलंय असं वाटू लागतं.

कुणाची सून सिनेमाला आली ते बाई घरी कळवतात, असं गावात बोललं जाई. मलाही तसंच वाटे. एका दुपारी एक म्हातारे काठी आपटत आले.

"आमची सून आत हाय का?"

सून आत होती. तिकीट मीच दिलं होतं. बाई त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाल्या, "न्हाई. अन् बायांच्या दारात तुमी काय करून राहिलात?"

म्हातारे ओशाळून गेले. मग बाईंनी त्या पोरीला मागच्या बोळातून ऑटोत बसवलं. वर दटावलंही, "पुढच्या बारीला सांगून येत जा."

पुढं घरोघर टीव्ही आले, मग हातोहाती मोबाईल. मखमल विटली, बाल्कनी बंद झाली. अप्पा थकले. त्यांच्या मुलाला थेटरात रस नव्हता, डागडुजी थांबली. त्याच सुमारास बाई म्हणू लागल्या, "वायर जळल्याचा वास येऊन राहिला." मॅनेजर हसत. "बाई, तुम्हाला कशाचाही वास येतो." रोज त्या सांगत, रोज ते हसत.

एके दिवशी दुपारच्या खेळाला बाई आत गेल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "बायांनो, नळाला पाणी सुटलंय."

लातुरात आठ-आठ दिवस नळ कोरडा असतो. हे ऐकल्यावर बसून राहील अशी बाई आमच्याकडं जन्मलेली नाही. चपला शोधत, पोरं कडेवर घेत सगळ्या बाहेर पडल्या. मग बाई माझ्या तिकीटबारीवर आल्या. "आता गड्यांना काढ. वर बघ."

मी आत डोकावलो. बाल्कनीच्या खालून धूर निघत होता. त्या 'आग' म्हणून ओरडल्या असत्या, तर त्या अरुंद दारात काय झालं असतं, विचार करवत नाही. कुणाला खरचटलंही नाही. थेटर मात्र आतून जळालं.

मग मॅनेजरनीच शंका काढली, "धूर दिसायच्या आधी बाईंना कसं कळलं?" गावानं ती उचलली. काल जीव वाचला म्हणणारे आज कुजबुजू लागले. पोलिसांनी बाईंना ठाण्यात बसवून ठेवलं. मी जाऊन सांगितलं, की त्या किती दिवस ओरडून सांगत होत्या. मॅनेजर म्हणाले, "मला आठवत नाही."

बाई बाकावर ताठ बसून होत्या. मला एवढंच म्हणाल्या, "तू कशाला आलास? आता तुझ्यावर बी डाव धरतील."

उंदरांनी कुरतडलेल्या वायरी सापडल्या, तेव्हा बाई सुटल्या. अप्पांनी निरोप पाठवला, थेटर सुरू झालं की या. ते सुरू झालंच नाही. आता तिथं कोचिंग क्लास आहे.

बाई बहिणीकडं, किनवटजवळच्या इस्लापूरला जायला निघाल्या. मी स्टँडवर गेलो, तर त्या दुपारच्या खेळाच्या काही बायका आधीच येऊन उभ्या होत्या. कुणी भाकरी बांधून आणली होती, कुणी शेंगाची चटणी. बाईंनी एकेकीकडं निरखून पाहिलं.

"कोणी सांगितलं तुमाला मी चाललेय म्हणून?"

एकीनं त्यांची वळकटी उचलून गाडीत ठेवली. किनवटची एसटी हलली, तशा बाईंनी तोंडाला पदर लावला आणि पलीकडच्या खिडकीकडं वळल्या. गाडी फाटकाबाहेर गेली, तरी बायका तिथंच उन्हात उभ्या होत्या.