बिनतबकडीचा प्रेस

वाघमारेताई कुठलंही यंत्र विकत घेण्याआधी डोळे मिटायच्या. दुकानदार माहिती सांगत असायचा आणि ह्या बाई मान खाली घालून बटणं दाबत, दांडे ओढत उभ्या. मिक्सर घेतानाही तेच. जर्मनीतल्या आखन शहरातल्या आमच्या मोजमापाच्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला सुनावलं, "आधी हाताला विचारायचं गं, मग घड्याळाला." घड्याळ म्हणजे कुठल्याही यंत्राची तबकडी.

त्यांचा छंद नेमबाजीचा. आडनाव वाघमारे, पण आयुष्यात कागदी निशाणाखेरीज कशावर गोळी झाडली नाही. मराठी मंडळातल्या एका काकूंनी "बौद्ध असून बंदूक?" असं विचारलं, तेव्हा ताईंनी हातातली जिलबी खाली ठेवली.

"पंचशील मी रोज म्हणते, काकू. कागदाला जीव नसतो. तुमच्या ताटातल्या मटणाला होता."

काकू पुन्हा त्यांच्या वाटेला गेल्या नाहीत. मला मात्र फार बरं वाटलं.

काडतुसंही त्या स्वतःच भरायच्या, रीतसर परवाना काढून. पितळी नळीच्या तोंडात गोळी बसवायला टेबलावर मावणारा छोटा हातप्रेस लागतो. दांडा दाबला की गोळी आत सरकते आणि नळीची पकड घट्ट आहे की सैल, ते हाताला कळतं. पकड कमीजास्त झाली की लांबच्या निशाणावर नेम वरखाली होतो. ताईंचं सगळं कसब त्या दाबात होतं.

मग कॅन्सर झाला. केमोनं ताई वाचल्या, पण बोटं बधिर झाली. शर्टाची बटणं लागेनात. त्याच सुमारास त्यांचा जुना प्रेस झिजला आणि त्यांच्या फेराइनचे, म्हणजे नेमबाजी क्लबचे, अध्यक्ष हेर (म्हणजे श्रीयुत) श्मिट्स दोन नवे प्रेस टेबलावर मांडून बसले. एक साधा, दुसरा दाब दाखवणाऱ्या तबकडीचा. मीही ताईंसोबत गेले होते.

"फ्राऊ वाघमारे, आता तबकडीचाच घ्या. निदान आकडा तरी दिसेल," ते म्हणाले. "नाहीतर यंदा संघातली जागा दुसऱ्या कुणाला देऊ. त्यात कमीपणा नाही."

माणूस वाईट नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला.

ताई म्हणाल्या, "घट्ट नळ्यांत एक सैल मिसळा. साध्या प्रेसवर ओळखते. नाही ओळखली तर जागा सोडते."

बारूद नसलेल्या नळ्या मांडल्या गेल्या. ताईंनी डोळे मिटले, दांडा दाबला आणि चुकल्या. चांगली घट्ट नळी त्यांनी सैल म्हणून बाजूला काढली.

"आल्झो... मग आता..." हेर श्मिट्स हळूच म्हणाले.

"पुन्हा लावा."

"पण तुम्ही जागा सोडते म्हणाला होतात."

"म्हणाले होते. पहिल्याच फेरीत सोडते असं कुठे म्हणाले?"

बाही त्यांनी कोपराच्या वर सारली. बोटं दांड्याला लावलीच नाहीत. कोपराखालचा हात त्यावर टेकवला आणि सगळं अंग हळूहळू झुकवलं. एक नळी झाली, दुसरी झाली. पुढचीला थांबल्या. "ही," म्हणाल्या. हेर श्मिट्सनी नळीच्या बुडाची खूण पाहिली, "गेनाऊ", अगदी बरोबर, एवढंच म्हणाले आणि साधा प्रेस त्यांच्यापुढे सरकवला. मी तिथेच टाळ्या वाजवल्या, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

त्या मोसमात ताई संघातून खेळल्या. तिसऱ्या आल्या आणि महिनाभर वाऱ्याच्या नावानं बोटं मोडत राहिल्या. मग दुखणं उलटलं. त्या गेल्या, त्याच्या आदल्या आठवड्यात मी दवाखान्यात वरणभात घेऊन गेले होते. चमचा त्यांच्या हातात राहत नव्हता, पण मला भरवू देत नव्हत्या.

"डॉक्टर म्हणतात, बधिरपणा कोपराच्या वर गेलाय," त्या म्हणाल्या.

मला रडू आवरेना. ताईंनी अंगावरची चादर बाजूला केली.

"रडतेस काय? खांदा आहे अजून."