राहिलेली बीजेची कोर

सेनगावात बोलवा होती, की पद्माबाई दुर्बिणीतून लोकांच्या गच्च्या न्याहाळतात. साफ खोटं. त्यांचे यजमान नरसिंगकाका त्या दुर्बिणीला मोबाइल धरून तिथीतिथीच्या चंद्राचे फोटो काढायचे. बीजेची कोर तेवढी राहिली आणि ते गेले. तेवढा फोटो पुरा करायचा, हाच बाईंचा ध्यास. पण कोर लवकर मावळायची आणि हात कापायचे.

मी शेजारचा नकलाकार. म्हणालो, "काकू, न्हाई जमायचं. लावा पैज."

"हरलास तर यांच्या आवाजात बोलायचं. व्हय?"

भाऊबीजेच्या संध्याकाळी त्यांनी काकांच्या पायजम्याची नाडी काढून मोबाइल दुर्बिणीलाच बांधला. फोटोत कोर नखाएवढी, पण लख्ख आली.

मी घसा खाकरला. "पद्मा, बराबर आली बघ."