चार मिलिमीटर

इथे परदेशात, डँडेनॉन्गला आमच्या घरामागे शेड असलेले काका मला ‘इंजिनियरसाहेब’ म्हणतात. आमच्या घराण्यातली पहिली डिग्री माझी, आणि मला ते ऐकायला आवडतं, हे त्यांनी बरोब्बर ओळखलंय. पत्रा हाताने ठोकून घडवलेल्या जुन्या इटालियन गाड्या ते दुरुस्त करून विकतात. पत्रा तपासताना डोळे मिटून तळहात फिरवतात आणि ठीक वाटलं की नुसतं ‘हं’ करतात.

परवा एक गोरं गिऱ्हाईक त्यांच्या लाल गाडीभोवती तासभर घुटमळत होतं. बॉडी मूळची नाही, नंतर बसवलेली आहे, असा त्याला संशय. मी शहाणपणाने मोजायची टेप लावली आणि इंग्रजीत बोलून गेलो, “डावा मडगार्ड उजव्यापेक्षा चार मिलिमीटर रुंद आहे.” लगेच जीभ चावली. काकांची सहा वर्षांची मेहनत पाण्यात!

काका शांत. “साहेब, परत सांगा की. जरा मोठ्यानं.”

सांगितलं. गिऱ्हाईक खुललं. “नंतर बसवतात ती साच्यातली बॉडी दोन्हीकडे सारखी असते, मेट. हे हातचंच काम!”

सौदा ठरला. काकांनी डोळे मिटून दोन्ही मडगार्डवर हात फिरवला.

“चार नाही, पाच. परत मोजा.”

मोजलं. पाचच होते.