हळू गाणारा पास्कल

पास्कलला काहीही ठोकून बघायची खोड होती. कलिंगड, गॅसचं सिलिंडर, फ्लॅटची भिंत, एकदा तर हुफूफच्या बाजारात खजुराचा बंद डबासुद्धा. सौदीतल्या रास तनुराच्या रिफायनरीत तो पाइपांची तपासणी करायचा, त्यातून लागलेली ही सवय. "सलीम, वस्तू आतून काय म्हणते ते बाहेरून दिसत नाही," असं म्हणत टकटक करायचा आणि कान लावायचा. दुकानदार वैतागायचे. मीही वैतागायचो, कारण त्याच्याबरोबर बाजाराला निघालं की अख्खी दुपार जायची. आता तो फायनल एक्झिट घेऊन, म्हणजे नोकरी संपवून कायमचा, गावी गेलाय आणि माझा बाजार झटपट होतो. त्यात काही मजा नाही.

तो वसईचा ख्रिस्ती, मी दाभोळचा मुसलमान. रिफायनरीजवळच्या रहिमा गावात आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर तो, बायको रेजिना आणि मुलगा जोएल राहायचे. आमच्या घरचं सांदण वर जायचं, त्यांच्या घरचे सुके बोंबील खाली यायचे. तिथे चर्चला परवानगी नाही, म्हणून शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी ओळखीची चार घरं त्याच्याकडे प्रार्थनेला जमत. पास्कल खिडक्या लावायचा, एसी जोरात सोडायचा आणि सगळे दबक्या आवाजात गायचे. त्याला कुणी कधी काही बोललं नव्हतं. पण "देवाला कमी ऐकू येत नाही, मग उगाच गाजावाजा कशाला?" हा त्याचा खाक्या. मी म्हणायचो, "अरे, खाली मला नुसता तुझा एसी गाताना ऐकू येतो."

जोएल त्या दबक्या गाण्यातच वाढला. एका मे महिन्यात ते वसईला गेले असताना दक्षिणेतल्या एका मोठ्या कॅथीड्रलचे फादर तिथे आले होते. त्या कॅथीड्रलची स्वतःची शाळा होती आणि क्वायरमध्ये गाणारी मुलं तिथेच वसतिगृहात राहायची. फादरांनी जोएलला गायला सांगितलं. पोरगं गायलं, पण आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचेना. "मोठ्यानं गा," फादर म्हणाले. जोएल बापाकडे बघत राहिला, कारण असं त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मग फादरांनी त्याला जवळ उभं करून ऐकलं आणि म्हणाले, "आवाज फार चांगला आहे, नुसता दाबलेला आहे. द्या माझ्याकडे."

परत आल्यावर रेजिना कुणाशी धड बोलेना. आठ वर्षांचं पोर, त्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. पास्कल माझ्याकडे आला. लहानपणी गावच्या मशिदीत मी अजान द्यायचो हे त्याला ठाऊक होतं.

"तुझा तो आवाज कधी गेला?"

"मिसरूड फुटलं तेव्हा."

"परत आला?"

"आला तो हा, भांडायच्या उपयोगाचा."

तो हसला नाही. "मग पाठवतो," म्हणाला. "पण एकदा तरी मला पोराचा आवाज मोकळा ऐकायचाय रे. बाप असून मी ऐकलेला नाही."

दम्मामच्या विमानतळावर जोएलने विचारलं, "पापा, व्हॉट इफ दे डोन्ट लाइक मी?" पास्कल म्हणाला, "फोन कर. येऊन एकेकाला ठोकून बघतो." पोरगं हसत आईबरोबर आत गेलं. पास्कल मात्र पार्किंगमध्ये गाडीची किल्ली हातात घेऊन उभा राहिला. शेवटी गाडी मी चालवली.

पुढे सगळंच आडवं येत गेलं. त्याची रजा मे महिन्यात, शाळेची सुट्टीही तेव्हाच. वसईत जोएलला गा म्हटलं की, "पापा, आय ॲम ऑन व्हेकेशन." नाताळ किंवा ईस्टर आला की रिफायनरीत काही ना काही काम निघायचं. फादर रेकॉर्डिंग पाठवत, पण हा ऐकायचा नाही. "माशाचा फोटो बघून जेवतो का कुणी?" मी चिडायचो. आवाज काय तुझी वाट बघत थांबणार आहे का, म्हणायचो. मग माझं मलाच वाईट वाटायचं.

अखेर एका नाताळाला रजा मिळाली. जोएल बाराचा झाला होता आणि आवाज अजून टिकून होता. परतल्यावर पास्कल बॅग घेऊन थेट माझ्याच दारात आला. मी चहा टाकला.

"ऐकलास?"

"एकटा उभा राहिला गायला," तो म्हणाला. "चर्च गच्च भरलेलं. पहिलाच सूर असा सुटला, सलीम, की छताला जाऊन लागला. आणि माझं बोट आपोआप ओठांवर गेलं. हळू, म्हणून. इतकी वर्षं वाट बघितली आणि पोराला मीच गप्प करत होतो."

"त्यानं बघितलं?"

"माझ्याकडेच बघत होता." त्याचे डोळे भरून आले. मी बिचकतच विचारलं.

"मग?"

"मग हसला, आणि आणखी मोठ्यानं गायला. हळू म्हटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलं नाही." त्यानं चहाचा घोट घेतला. "मी काय करणार? बोट खाली घेतलं आणि ऐकत बसलो."